सुरुंगाचा दगड उडतो तरी किती लांब? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगडखाणीच्या शेजारी राहणारे, खाणीत काम करणारे आणि मायनिंगचे विद्यार्थी साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांमध्ये थोडं गणित आहे. ते वगळलं तर हाती फक्त 'देवाची कृपा' आणि 'नशीब' एवढंच उरतं, म्हणून ते वगळलेलं नाही.

फ्लायरॉक म्हणजे नेमकं काय? ब्लास्टिंगमध्ये दगड उडणारच ना?

दगड हलणारच, त्यासाठीच तर सुरुंग लावतात. चांगल्या ब्लास्टमध्ये फेस, म्हणजे खाणीची समोरची उघडी उभी कडा, फुगतो, पुढे सरकतो आणि पायथ्याशी ढीग होऊन बसतो. ढीग वीस-तीस मीटर पसरला तर त्यात वावगं काही नाही. पण त्या ढिगाला सोडून एखादा दगड ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला, की तो फ्लायरॉक. खाणीवर मराठीतही हाच शब्द चालतो.

होलमधल्या शेकडो किलो मालातला, म्हणजे स्फोटकातला, अगदी थोडा भाग या दगडांवर खर्च होतो. त्यामुळे ब्लास्ट एरवी उत्तम झालेला असतो, ढीग छान पडलेला असतो, आणि तरीही एक दगड कुणाच्या तरी पत्र्यातून आत गेलेला असतो.

स्फोट दगडाला ढकलतो कसा?

दोन टप्प्यांत. इमल्शनसारख्या मालात स्फोटाची लाट सेकंदाला चार-पाच किलोमीटर वेगाने धावते. तिच्या धक्क्याने होलच्या भिंतीलगतचा दगड चुरडतो आणि बाहेरच्या दिशेने भेगा पडतात. हे सगळं मिलिसेकंदांत आटोपतं. त्यानंतर गॅस कामाला लागतो. एक किलो मालातून साधारण हजार लिटर गॅस होतो, तोही तापलेला आणि होलच्या इवल्याशा जागेत कोंडलेला. तो भेगांत शिरतो, त्या रुंदावतो आणि दगड ढकलतो.

दगडाला वेग मिळतो तो मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यात. गॅसपुढे सगळीकडे सारखाच भार असेल तर सगळा दगड मिळून सावकाश सरकतो. कुठे तरी भार कमी पडला, की गॅस तिकडूनच निसटतो आणि वाटेतला दगड सोबत घेऊन जातो.

बर्डन, स्टेमिंग हे शब्द सारखे कानावर पडतात. सोप्या भाषेत सांगाल का?

होलपासून समोरच्या मोकळ्या फेसपर्यंत जो दगड असतो, त्याची जाडी म्हणजे बर्डन. होलमध्ये माल भरून झाला की वरच्या रिकाम्या भागात खडी किंवा ड्रिलिंगची भुकटी भरतात, ते स्टेमिंग. गॅसच्या समोर बर्डन आणि डोक्यावर स्टेमिंग. फ्लायरॉकच्या बहुतेक चौकशा शेवटी या दोहोंपैकी एकावर येऊन थांबतात.

दगड सुटण्याचे प्रकारही त्यावरूनच पडतात. बर्डन कमी असेल तर फेस समोरून फुटतो. स्टेमिंग आखूड असेल तर होलच्या तोंडाभोवती खड्डा पडतो आणि तिथला दगड कुठल्याही दिशेला जातो. स्टेमिंगची लांबी पुरेशी असून त्यातली खडी-भुकटी ढिसाळ असेल, तर होल बंदुकीच्या नळीसारखं चालतं आणि स्टेमिंगच बाहेर फेकलं जातं. यातला दुसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. समोर कुणी उभं राहू नये हे सगळ्यांना कळतं, पण मागे उभं राहणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत असतं.

वेग आणि अंतर यांचं गणित काय?

हवेचा विरोध बाजूला ठेवला तर शाळेतलंच सूत्र लागू पडतं. ४५ अंशांत सुटलेला दगड 'वेगाचा वर्ग भागिले ९.८' इतके मीटर जातो. सेकंदाला ५० मीटर वेग असेल तर २५५ मीटर. ७० मीटर वेग असेल तर बरोबर ५००. १०० मीटर वेग असेल तर हजाराच्या वर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं.

आता वेळ पाहा. ७० मीटर वेगाने ४५ अंशांत सुटलेला दगड हवेत दहा सेकंद असतो. उभ्या रेषेच्या जवळून, म्हणजे ८० अंशांत, ८० मीटर वेगाने सुटला तर सोळा सेकंद. आणि ३०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला स्फोटाचा आवाज एका सेकंदाच्या आतच ऐकू येतो. आवाज झाला, धूळ उठली, 'झालं एकदाचं' म्हणून माणूस आडोशाबाहेर येतो, तेव्हा दगड अजून वर चढतोय. 'ऑल क्लिअर'चा भोंगा होईपर्यंत जागचं हलायचं नाही, या नियमामागे हे दहा-पंधरा सेकंद आहेत. शिवाय न उडालेलं होल राहिलंय का हे पाहायलाही वेळ लागतोच.

पण दगडाला सुरुवातीचा वेग किती मिळेल, हे कसं काढतात?

खरा प्रश्न हाच. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड्स आणि मूर यांनी २००० नंतरच्या दशकात मांडलेलं सूत्र आज सर्वांत जास्त वापरात आहे. मीटरमागे किती किलो माल आहे त्याचं वर्गमूळ घ्यायचं, त्याला बर्डनने भागायचं, आलेल्या आकड्याचा १.३ वा घात घ्यायचा आणि खडकाच्या स्थिरांकाने गुणायचं. हा झाला सेकंदाला मीटरमध्ये वेग. कोळशावरच्या मऊ खडकासाठी स्थिरांक १३.५ आणि कठीण बेसॉल्टसाठी २७. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडासाठी जास्तीचा आकडा.

उदाहरण करून पाहू. होल ११५ मिलिमीटरचं आणि मीटरमागे १२ किलो माल. बर्डन ३ मीटर असेल तर वेग सेकंदाला साधारण ३३ मीटर आणि सर्वांत लांबचा दगड १०८ मीटरवर. बर्डन २ मीटर झालं तर ३१० मीटर. दीड मीटर झालं तर ६५५ मीटर.

माल तोच, होल तेच, दगडही तोच. बर्डन निम्मं झालं आणि अंतर सहापट वाढलं. हे एकदा नीट पाहिलं की 'आम्ही तर रोजच्याएवढाच माल भरला होता' या वाक्याला काही अर्थ नाही हे पटतं. मालाचा हिशोब रजिस्टरमध्ये ग्रॅमपर्यंत सापडतो, बर्डन मात्र 'अंदाजे'.

स्टेमिंगचाही परिणाम इतकाच होतो का?

त्याहून जास्त होऊ शकतो. खड्डा पडण्याच्या प्रकाराला तेच सूत्र लावतात, फक्त बर्डनच्या जागी स्टेमिंगची लांबी घालायची. वरच्याच उदाहरणात अडीच मीटर स्टेमिंग असेल तर १७४ मीटर. ते १.२ मीटरवर आलं तर ११७० मीटर. या दोहोंत फरक आहे तो एका होलमध्ये पंधरा-सोळा किलो जास्तीच्या मालाचा.

हे घडतं कसं? होलमध्ये पाणी असतं, माल मध्येच अडकतो, वर उंचावर दिसतो आणि 'भरलं' असं समजलं जातं. किंवा शेवटच्या होलला माल उरलेला असतो आणि तो परत मॅगझिनमध्ये, म्हणजे स्फोटकांच्या कोठारात, जमा करण्याचा कंटाळा येतो. टेप आत सोडून प्रत्येक होलची खोली मालाआधी एकदा आणि मालानंतर एकदा मोजायची, यावर दुसरा उपाय नाही. टेप म्हणजे दोरीला बांधलेलं वजन असलं तरी चालतं.

भुकटी की खडी, यावरही वाद असतो. भुकटी फुकट मिळते आणि होलच्या तोंडाशीच पडलेली असते, त्यामुळे तीच वापरली जाते. पण दाब आल्यावर धारदार खडी एकमेकांत अडकून होलच्या भिंतीत रुतते, तर भुकटी, विशेषतः ओली भुकटी, सरकून बाहेर येते. होलच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी खडी चांगली. क्रशर दारात असलेल्या खाणीने खडी महाग पडते म्हणणं जरा अतीच आहे.

मग बर्डन ठरवून तीन मीटर ठेवलं की झालं?

कागदावर झालं. फेस काही भिंतीसारखा सरळ नसतो. मागच्या ब्लास्टने त्यात पोकळ्या पाडलेल्या असतात, एखादं कपार आत गेलेलं असतं. वर टेप लावून तीन मीटर मोजलं तरी पाच मीटर खाली तेच बर्डन दीड मीटर असू शकतं. शिवाय ड्रिलचा रॉड वाकडा गेला तर होलचा तळ भलतीकडेच जातो. पहिल्या रांगेतलं प्रत्येक होल वरून आणि खालून, दोन्हीकडून पाहायला हवं. मोठ्या खाणी आता ड्रोन किंवा लेझरने फेसचं त्रिमितीय चित्र घेतात आणि होलचा कल उपकरणाने मोजतात. लहान खाणीत निदान अनुभवी डोळा आणि लांब काठी तरी हवी. जिथे बर्डन कमी दिसतं तिथे मालाच्या मध्ये खडीचा डेक, म्हणजे थर, टाकायचा किंवा त्या उंचीला माल भरायचाच नाही.

महाराष्ट्रातला दगड वेगळा वागतो का?

वागतो. दख्खनचा पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. एकाच फेसमध्ये वर कठीण काळा बेसॉल्ट, खाली पोकळ्या भरलेला सच्छिद्र थर आणि दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाची मऊ पट्टी, असं चित्र पुण्या-साताऱ्याकडे रस्त्याच्या कापातही दिसतं. ही लाल पट्टी ब्लास्टरची खरी डोकेदुखी. कठीण दगडात कोंडलेल्या गॅसला तिथे आयती वाट मिळते आणि पट्टीच्या रेषेत दगड आडवा सुटतो. ड्रिलिंग करताना भुकटीचा रंग काळ्याचा लाल झाला किंवा रॉड एकदम झपकन खाली गेला, तर ती खोली ड्रिलरने लिहून ठेवली पाहिजे आणि त्या उंचीला माल न भरता खडी भरली पाहिजे. ड्रिलर आणि माल भरणारा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठेकेदारांचे असतील तर ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाही. माझ्या मते सूत्रं सुधारण्यापेक्षा ही एक वही सुधारली तर जास्त दगड थांबतील.

खांबांसारखे उभे सांधे असलेल्या बेसॉल्टमध्ये, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात तसे, भेगा आधीच तयार असतात. तिथे गॅस लवकर निसटतो. वरच्या, झिजलेल्या थरात मातीत रुतलेले गोल गोटे असतात. आजूबाजूची माती मऊ आणि गोटा टणक, त्यामुळे गोटा अख्खाच्या अख्खा सुटतो.

विहिरीच्या सुरुंगाचं काय? तो तर छोटा असतो.

होल छोटं म्हणजे धोका छोटा, असं नसतं. स्वीडनमधल्या लुंडबोर्ग यांनी १९७०च्या दशकात सूत्र दिलं: सर्वांत वाईट परिस्थितीतलं अंतर म्हणजे होलच्या इंचातल्या व्यासाचा दोन-तृतीयांश घात गुणिले २६० मीटर. चार इंची होलला ६५० मीटरच्या आसपास. विहिरीसाठी ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर जॅकहॅमर चालवून मारलेलं सव्वा इंची होल घ्या, तरी आकडा ३०० मीटर येतो. गावातली विहीर घरापासून ३०० मीटर लांब क्वचितच असते.

विहिरीची एक गंमत आहे. ती जसजशी खोल जाते तसतसा धोका कमी होतो, कारण भिंती आडवे दगड अडवतात आणि बाहेर पडतो तो जवळपास उभा उडालेला दगड, जो फार लांब जात नाही. सर्वांत धोक्याचे असतात सुरुवातीचे थर, मुरूम संपून कठीण दगड लागतो तेव्हाचे. नेमकं तेव्हाच 'अजून तर वरच आहे' म्हणून झाकण घालायचं राहून जातं. जाळी, वाळूच्या गोण्या, जुने कन्व्हेयर बेल्ट, जे असेल ते घाला, फक्त त्यातून गॅस जायला वाट हवी. हवाबंद झाकणच उडून जातं. आणि माल भरणारा माणूस परवानाधारकच हवा, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

लहान खडा जास्त लांब जातो की मोठा दगड?

मधला. लहान खड्याला वेग भरपूर मिळतो पण हवा त्याला लगेच थोपवते. दोन सेंटिमीटरचा बेसॉल्टचा खडा कितीही उंचावरून पडला तरी खाली येताना सेकंदाला पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त वेग धरत नाही. दहा सेंटिमीटरचा दगड साठच्या आसपास जातो. फार मोठ्या धोंड्याला हवा अडवू शकत नाही, पण त्याला मुळात वेगच कमी मिळतो. लुंडबोर्गच्या हिशोबात चार इंची होलमधून सर्वांत लांब जाणारा दगड पाव मीटर व्यासाचा निघतो. पंचवीस किलोच्या आसपासची वस्तू आहे ती, तिला 'खडा' म्हणू नये.

बॉम्बचे तुकडे उडण्याचं गणित आणि हे गणित एकच का?

नातं आहे, पण चुलत. १९४३ साली अमेरिकेतल्या ॲबर्डीन इथल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत रोनाल्ड गर्नी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने धातूच्या कवचाला स्फोटातून किती वेग मिळतो याचं सूत्र मांडलं. गोष्ट सरळ होती: स्फोटाची ऊर्जा धातू आणि गॅस यांच्यात वाटली जाते, आणि गॅसचा वेग मध्यभागी शून्यापासून कवचापाशी कवचाइतका सारखा वाढत जातो असं धरायचं. गणित पानभराचं, पण उत्तरं प्रयोगाच्या इतकी जवळ की ते आजही वापरतात. शांततेच्या कामातही: दोन वेगळे धातू स्फोटाने एकमेकांवर आपटून जोडण्याच्या वेल्डिंगमध्ये वरच्या पत्र्याचा वेग याच पद्धतीने काढतात.

हाच गर्नी १९२८ मध्ये अल्फा किरणोत्साराचं क्वांटम स्पष्टीकरण देणाऱ्यांपैकी एक. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉटबरोबर त्याने १९४०मध्ये आयनी स्फटिकांवर ग्रंथ लिहिला, आणि युद्धात गर्नी तुकड्यांचा वेग काढत असताना मॉट इंग्लंडमध्ये तुकड्यांचा आकार कसा ठरतो यावर काम करत होता. एका पुस्तकाच्या दोन लेखकांनी एका प्रश्नाचे दोन भाग उचलले.

खडकाला गर्नीचं सूत्र जसंच्या तसं लागत नाही. धातूचं कवच फुटण्याआधी चांगलंच ताणतं आणि तोवर गॅस आत धरून ठेवतं. खडक लगेच तडकतो, गॅस गळतो, आणि किती गळेल हे सांध्यांवर ठरतं. म्हणून खडकाच्या सूत्रात ऊर्जेचा नेमका हिशोब नसतो, त्याऐवजी मोजमापांवरून बसवलेले १३.५ आणि २७ सारखे स्थिरांक असतात. 'माल जास्त आणि भार कमी तर वेग जास्त' हा गाभा मात्र दोन्हीकडे तोच.

आता कॉम्प्युटर मॉडेल आणि एआय आहेत. ते अचूक सांगत नाहीत का?

एखाद्या खाणीच्या शे-दोनशे ब्लास्टवर न्यूरल नेटवर्क शिकवलं आणि उत्तर जुळलं, असे शोधनिबंध ढिगाने येतात. त्या खाणीपुरते ते ठीकच. शेजारच्या डोंगरावर नेलं की त्याच मॉडेलची जीभ अडखळते, कारण त्याने बर्डन-स्टेमिंगचे 'डिझाइन'चे आकडे शिकलेले असतात आणि दगड उडतो तो प्रत्यक्षातल्या आकड्यांनी. शिवाय जो एक दगड माणसाला लागतो तो अपवादात्मक असतो. सरासरीवर शिकलेलं मॉडेल अपवादाला कच्चं असणारच. व्हिडिओ काढा, दगड कुठे पडले ते मोजा, आपल्या खाणीचा स्थिरांक आपणच बसवा. त्याला एक्सेल पुरतं.

५०० मीटर रिकामे केले की सगळे सुरक्षित, बरोबर?

कोळसा खाणींच्या २०१७च्या नियमावलीत धोक्याचं क्षेत्र ५०० मीटर त्रिज्येचं आहे. धातू-दगडाच्या खाणींसाठीच्या १९६१च्या नियमावलीत मूळ आकडा ३०० होता. हे किमान आकडे आहेत, भौतिकशास्त्राने घातलेली सीमा नव्हे. वरच्या उदाहरणांत ६५५ आणि ११७० आले, तेही साध्या चुकांमधून. रिचर्ड्स-मूर पद्धतीत काढलेल्या अंतराच्या यंत्रांसाठी दुप्पट आणि माणसांसाठी चौपट अंतर मोकळं ठेवतात. म्हणजे १०८ मीटरच्या चांगल्या डिझाइनलाही माणूस ४३२ मीटरवरच हवा.

मोठे बोल्डर फोडायला पुन्हा सुरुंग लावतात, ते चालतं का?

टाळा. सुट्या बोल्डरला चारी बाजूंनी मोकळा फेस असतो, दगड कुठेही जाऊ शकतो. बोल्डरवर माल ठेवून चिखलाने लिंपायची जुनी पद्धत तर त्याहून वाईट. हायड्रॉलिक ब्रेकर लावा.

आमच्या घरावर दगड आला. आधी काय करायचं?

कुणाला लागलं असेल तर अर्थात दवाखाना. नंतर दगड उचलून फेकू नका. जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, वजन करा, वेळ लिहा आणि मोबाईलवर त्या जागेचं ठिकाण नोंदवा. पंचनाम्यासाठी तलाठी आणि पोलीस, आणि लेखी तक्रार तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी व खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला आहे, पण पश्चिम विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. स्फोटकांच्या परवान्याचा प्रश्न असेल तर 'पेसो', म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, त्यांचं मुख्यालयही नागपूरलाच. 'ही छोटी खाण आहे, तिला कायदा लागत नाही' असं कुणी म्हणालं तर खाण कायद्यातली सूट नीट वाचायला सांगा: दगडाच्या उघड्या खाणीला ती मिळते तेव्हा खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत आणि स्फोटकांचा वापर नाही, या तिन्ही अटी पाळाव्या लागतात. सुरुंग लावला की सूट संपली.

अंतर का मोजायचं, तर त्यावरून उलटा हिशोब करता येतो. समजा दगड होलपासून ४२० मीटरवर पडला. ४२० ला ९.८ ने गुणून वर्गमूळ काढा: सेकंदाला ६४ मीटर. त्याहून कमी वेगाने सुटलेला दगड एवढा लांब येऊच शकत नाही, आणि हवेचा विरोध धरला तर वेग आणखी जास्तच असणार. दगड फेसमधून आला असेल, तर मीटरमागे १२ किलो मालाला आणि बेसॉल्टच्या स्थिरांकाला या वेगाचा अर्थ होतो, की त्या जागी बर्डन १.८ मीटरपेक्षा जास्त नव्हतं. खाणीच्या ब्लास्ट रजिस्टरची प्रत मागा आणि त्या होलसमोर काय लिहिलंय ते पाहा. तिथे ३ मीटर असेल, तर पुढचा प्रश्न मोजलं कुणी आणि कधी, हा.